तेलाचं पाणी

केळापूर तालुक्यातून पूर्वीचा 7 क्रमांकाचा, आताचा 44 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग जातो. महामार्गामागून भंगाराची दुकानं आली आणि भंगारात गाड्यांचे स्प्रिंग. ट्रकच्या कमानपाट्यांतून आपले लोहार विळे, कोयते कधीपासून घडवतात. मी मात्र एका मोटारीच्या पुढच्या चाकाचा गोल स्प्रिंग वजनावर घेतला. पन्नाशी उलटल्यावर एक सुरी स्वतःच्या हातानं घडवायची, एवढाच हेतू. पहिली सुरी फुटली. ती का फुटली हे शोधताना एक मराठी शब्द नव्यानं शिकावा लागला.

स्प्रिंगच निवडण्याचं कारण त्यातला कार्बन. साध्या लोखंडी सळईत तो जेमतेम पाव टक्का असतो. ती कितीही तापवून विझवली तरी टिकाऊ धार येत नाही. स्प्रिंगच्या पोलादात अर्धा ते 0.6 टक्के कार्बन असतो. शिवाय प्रकारानुसार सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम. मात्र दोन गोष्टी सांभाळाव्यात. गाडीत दाबून बसवलेला स्प्रिंग स्वतः सोडवू नये, तो उसळून जीव घेऊ शकतो. आणि वर्षानुवर्षं हादरे खाल्लेल्या स्प्रिंगला बारीक भेगा असतात. गंज घासून त्या आधी पाहाव्यात.

एक वेढा कापला की एका सुरीला पुरतो. तो लाल करून सांडशीनं ओढत सरळ केला. मग भाता, कोळसा आणि ऐरण. नारिंगी रंगावर ठोकायचं, लाली मंदावली की थांबायचं. थंड पोलादावर घण घातला तर ते आतून चिरतं. उलट, भट्टीतून पांढऱ्या ठिणग्या उडू लागल्या की पोलाद जळालं समजावं. आधी टोक, मग मुठीत जाणारा भाग, शेवटी धारेचा उतार. घडण झाल्यावर पातं तीनदा लाल करून हवेत निवू दिलं, म्हणजे ठोकण्याचा ताण निघतो. पुन्हा तापवून रात्रभर राखेत पुरलं, तेव्हा कानस चालली.

मग पाणी द्यायची वेळ आली. लहानपणापासून ऐकलेला शब्द. मी पातं लालभडक केलं आणि बादलीत बुडवलं. ‘टिंग’ असा बारीक आवाज झाला. धारेपासून पाठीपर्यंत केसाएवढी भेग गेली होती.

ते तुकडे घेऊन मी एका म्हाताऱ्या लोहारबाबांकडे गेलो. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, “याले तेलाचं पाणी द्या लागते, भाऊ. तुम्ही पाण्याचं पाणी देलं.”

विझताना पोलादाची अंतर्रचना बदलते आणि ते किंचित फुगतं. पाण्यात कड आधी कडक होते, गाभा मागून फुगतो. कडक कड लवत नाही, तडकते. मिश्रधातूचं पोलाद सावकाश विझवलं तरी कडक होतं, म्हणून त्याला तेल पुरतं. साध्या, कमी कार्बनच्या पोलादाला मात्र झटका लागतो. तिथे पाणीच हवं. लोहारबाबा फक्त धार बुडवतात, पाठीची ऊब धारेकडे परतू देतात आणि रंग पाहून मग सगळं पातं विझवतात. तापमापकाचं काम डोळा करतो.

दुसऱ्या सुरीला मी चुंबक वापरलं. साधारण 770 अंशांवर लोखंड चुंबकाला चिकटणं सोडतं. त्याहून जरा उजळ, 830–850 अंशांपर्यंत नेलं. खोल लोखंडी डब्यात 50–60 अंशांचं गोडं तेल, शेजारी झाकण, कारण तेल पेट घेतं. विझल्यावर कानस काचेवरून घसरावी तशी घसरली. पण असं पातं ठिसूळ असतं. म्हणून ते 200 अंशांच्या भट्टीत तासतासभर दोनदा ठेवलं. घासलेल्या पोलादावर गव्हाच्या काडीसारखा पिवळा रंग आला. तो निळा झाला असता तर ऊब जास्त झाली असती. धार लवकर गेली असती.

ही विद्या इथे नवी नाही. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंड इथे 1978 ते 1980च्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. ती महापाषाण काळातली, म्हणजे अडीच हजार वर्षांहून जुनी. आणि आपल्याच महामार्गानं दक्षिणेला गेलं की निर्मळच्या पलीकडे कोनसमुद्रम लागतं. तिथलं मुशीतलं पोलाद तलवारींसाठी इराणपर्यंत जात असे.

मग ‘पाणी’ म्हणजे नेमकं काय? पाणीदार माणूस, एखाद्याचं पाणी जोखणं, मोत्याचं पाणी. इथे कुठेच बादली नाही. पाणी म्हणजे आतला कस. लोहारबाबांच्या तोंडी ‘तेलाचं पाणी’ हा विसंवाद नव्हताच. शब्दाचा अर्थ मीच बादलीएवढा करून ठेवला होता.

त्यांची भट्टी आता पेरणीआधी, वखराची पास पाजवायला तेवढी पेटते. मुलं दुसऱ्या कामांना लागली. ते सांगतात ते रंग मी वहीत लिहून घेतो आहे. पण रंगांची नावं लिहून भागत नाही, पुढच्या खेपेला गावातली दोन पोरं सोबत न्यायची आहेत. दुसरी सुरी स्वयंपाकघरात आहे. दिवाळीच्या भाज्या तिनंच चिरल्या जातील.