शिशाची गोळी आणि कॉन्डॉर

रायफलची शिशाची गोळी हरणाच्या अंगात शिरली की फुटते. तिचे बारीक कण मांसात दूरवर पसरतात. शिकारी मांस नेतो, आतडी तिथेच टाकतो. कॅलिफोर्निया कॉन्डॉर या गिधाडाला ही मेजवानीच! पण जठरातल्या आम्लात शिसे विरघळून रक्तात उतरते, गळ्याखालची अन्नपिशवी लुळी पडते आणि पोटभर खाऊनही पक्षी उपासमारीने मरतो. (आपल्या गिधाडांचा घात डायक्लोफेनॅकने केला, तोही खाण्यातूनच.) १९८२ साली हे पक्षी जेमतेम २२ उरले होते. बंदिवासात वाढवून पुन्हा रानात सोडले, तरी शिसे त्यांना मारतच राहिले. तांब्याची गोळी पसरते, पण सहसा तिचे तुकडे होत नाहीत. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली. शिकार चालूच आहे.