पाहुण्याला आपली शाळा समजावून सांगा

मुलांनो, पांडवलेणी आणि त्र्यंबकेश्वर पाहायला नाशिकला परदेशी पाहुणेही येतात. समजा, एखाद्या पाहुण्याने तुम्हांला विचारले, "तुम्ही उर्दूतून शिकता, मग तुमची परीक्षा वेगळी असते का?" तुम्ही काय उत्तर द्याल?

प्रथम सांगा की, आमच्या शाळा निरनिराळ्या संस्था चालवतात. खेड्यांत जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत, शहरात महानगरपालिकेच्या. सुरगाणा, पेठ या आदिवासी भागांत आश्रमशाळा आहेत. तेथे मुले राहतात आणि शिकतातही. शिवाय खाजगी संस्थांच्या शाळा आहेत. त्यांपैकी अनुदानित शाळांतील शिक्षकांचा पगार सरकार देते. अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा हक्क भारताच्या राज्यघटनेने कलम ३० मध्ये दिला आहे. मालेगावात उर्दू माध्यमाच्या अनेक शाळा आहेत.

आता 'माध्यम' म्हणजे काय ते सांगा. ज्या भाषेतून आपण गणित, विज्ञान, भूगोल शिकतो, ती भाषा म्हणजे माध्यम. १९६७ साली पुण्यात 'बालभारती' ही संस्था स्थापन झाली. ती मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी, गुजराती अशा अनेक भाषांत पाठ्यपुस्तके काढते. भाषा निरनिराळ्या असल्या, तरी गणित व विज्ञानाचा अभ्यासक्रम एकच असतो.

मग परीक्षेचे काय? राज्य मंडळाच्या शाळांतील मुलांची दहावीची परीक्षा हे मंडळच घेते. त्याची नऊ विभागीय मंडळे आहेत. नाशिकच्या विभागीय मंडळात नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे जिल्हे येतात. तुम्ही उत्तरे उर्दूत लिहिता, तुमचा शेजारी मराठीत लिहितो. प्रमाणपत्र मात्र दोघांना एकाच मंडळाचे मिळते. त्याचे मोलही सारखेच. दहावीनंतर दोघे एकाच कनिष्ठ महाविद्यालयात जाऊ शकतात.

पाहुणा कदाचित विचारील, "शाळेत जाणे सक्तीचे आहे का?" २००९ साली झालेला शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण मिळते. सरकारी व अनुदानित शाळांत आठवीपर्यंत दुपारचे जेवणही मिळते.

"आणि चौदा वर्षांनंतर?" हा प्रश्न सर्वांत अवघड आहे. आठवीनंतर कायद्याची सक्ती संपते. मग कोणी यंत्रमागावर कामाला जातो, कोणी गॅरेजमध्ये. एखाद्या हुशार मुलीला घरी बसवले जाते. दहावीचे प्रमाणपत्र हाती नसेल, तर पुढच्या कितीतरी वाटा बंद होतात. अशा घरी तुम्ही दोन गोष्टी सांगू शकता. सरकारी व अनुदानित शाळांत मुलींना बारावीपर्यंत शिक्षणशुल्क माफ आहे. शाळा सुटलीच असेल, तर 'सतरा नंबरचा फॉर्म' भरून, नियमांप्रमाणे, दहावीला बाहेरून बसता येते.

पाहुणा ऐकून निघून जाईल. पण तुमच्या वर्गात कोणाची जागा बरेच दिवस रिकामी असेल, तर त्याच्या घरी जाऊन हे जरूर सांगा.

स्वाध्याय
१. 'माध्यम' म्हणजे काय?
२. नाशिक विभागीय मंडळात कोणते जिल्हे येतात?
३. शाळा सोडलेल्या मित्राला दहावीला बसण्याविषयी सांगणारे पत्र मराठीत लिहा.