नाताळच्या ताटात काय काय?

नाताळ म्हटलं की भाजलेली टर्की आणि केक, हे चित्र सिनेमांनी आपल्या मनात पक्कं केलंय. प्रत्यक्षात या सणाचा बेत देशागणिक बदलतो. कुठे तो ऋतू ठरवतो, कुठे उपास, तर कुठे चक्क जाहिरात!

जपान : चिकनसाठी नंबर लावा
इथे ख्रिस्ती लोक जेमतेम एक टक्का, 25 डिसेंबरला सुटीही नसते. पण 1974 मध्ये केएफसीने 'नाताळला केंटकी' अशी देशभर जाहिरात केली आणि तळलेल्या चिकनची बादली हाच सणाचा बेत झाला. ऑर्डर कित्येक दिवस आधीच नोंदवावी लागते. सोबत स्ट्रॉबेरी-क्रीमचा केक.

पोलंड : आधी चांदणी, मग जेवण
24 डिसेंबरच्या संध्याकाळी पहिली चांदणी दिसली की पानं वाढायची. पदार्थ बारा, पण मांस एकातही नाही, कारण हा दिवस पूर्वापार उपासाचा. बिटाचं सूप आणि मासे मात्र हवेतच. एक ताट जास्तीचं मांडतात, अवचित आलेल्या पाहुण्यासाठी!

चेक प्रजासत्ताक : बाथटबमधला पाहुणा
जिवंत कार्प मासा आणून घरच्या बाथटबमध्ये सोडायची इथली जुनी रीत. मुलांना त्याचा लळाही लागतो. तळलेल्या कार्पसोबत बटाट्याचं सॅलड असतं. माशाचा खवला पाकिटात ठेवला की वर्षभर पैसा टिकतो, अशी समजूत.

ऑस्ट्रेलिया : उन्हाळी नाताळ
डिसेंबर म्हणजे इथे कडक ऊन. त्यामुळे गार कोळंबी, गार हॅम, आणि शेवटी क्रीम व ताज्या फळांनी सजलेला पाव्हलोवा.

इथिओपिया : 43 दिवसांनी पारणं
इथला नाताळ 7 जानेवारीला. त्याआधी 43 दिवस मांस, दूध, अंडी वर्ज्य. मग सणाला अख्खी उकडलेली अंडी घातलेला कोंबडीचा झणझणीत रस्सा, 'डोरो वट', आंबवलेल्या पिठाच्या इंजेरासोबत.

आणि आपल्याकडे?
गोव्यात डुकराच्या मांसाचं सोरपोतेल दोन-तीन दिवस आधीच शिजतं, कारण व्हिनेगरमध्ये मुरल्यावरच त्याला खरी चव येते. सोबत इडलीसारख्या लुसलुशीत सान्नां. गोड कुलकुल वळायला अख्खं घर बसतं. काट्याच्या पाठीवर दाबून त्यांना रेघा पाडतात. मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत इंदियाल हा मांसाचा रस्सा आणि तळलेले फुगे. त्यांचा बाटली मसाला उन्हाळ्यातच कुटून भरलेला असतो. अनेक मराठी ख्रिस्ती घरांत तर करंज्या, चकल्या, लाडू असा दिवाळीसारखाच फराळ होतो आणि तो शेजारीपाजारी वाटलाही जातो.

तेव्हा यंदा शेजारच्या घरून नाताळचं ताट आलं, तर रीत पाळा : ते रिकामं परत पाठवू नका. तुमच्या हातचं काहीतरी त्यात नक्की घाला!