सबवूफर : जुना घ्यावा की नवा?

घरातील स्टिरिओ उत्तम चालतो, परंतु डग्ग्याचा घुमारा कानी पडत नाही, अशी अनेक संगीतप्रेमींची तक्रार असते. त्यावर उपाय म्हणून सबवूफर घ्यायचे ठरते आणि पेच उभा राहतो. वापरलेला, जाडजूड पेटीचा जुना सबवूफर स्वस्तात मिळतो. नवा आटोपशीर आणि देखणा, पण महाग. मग निवड कशी करावी?

माणसाला साधारणतः २० हर्ट्‌झपासूनचा ध्वनी ऐकू येतो. बेस गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्‌झवर कंप पावते, तर पियानोचा सर्वांत खालचा स्वर २७.५ हर्ट्‌झचा असतो. येथे लहान स्पीकर थिटे पडतात. कंपनसंख्या निम्मी झाली, की तितकाच आवाज काढण्यासाठी स्पीकरच्या पडद्याला चौपट पुढेमागे व्हावे लागते. त्यासाठी मोठा पडदा आणि मोठी पेटी हवी, किंवा लहान पडद्यामागे भरपूर वीजशक्ती हवी. जुन्या सबवूफरची भिस्त बहुधा पहिल्या मार्गावर, तर नव्यांची दुसऱ्यावर असते.

पेटीचे गणित ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडले आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात ते विस्तारले. आजही पेट्या त्याच आधारे बनतात. त्यामुळे उत्तम जुनी पेटी कालबाह्य ठरत नाही. बदलला आहे तो अॅम्प्लिफायर. आजचे 'क्लास डी' अॅम्प्लिफायर कमी तापतात, कमी जागेत मावतात. त्यांच्या जोडीला आलेली डिजिटल यंत्रणा, काही मॉडेलांत मायक्रोफोनच्या साह्याने, खोलीतील घुमणारे स्वर मोजून कमी करते.

हा लाभ लहान नव्हे. ४० हर्ट्‌झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे साडेआठ मीटर असते. फ्लॅटमधील दिवाणखाना त्याहून बराच लहान. परिणामी काही स्वर घुमतात, तर काही हरवतात. जुना सबवूफर असल्यास एक युक्ती करता येते. तो आपल्या बसण्याच्या जागी ठेवावा, ओळखीचे गाणे लावावे आणि जमिनीलगत कान नेत खोलीभर फिरावे. जिथे खर्ज समतोल ऐकू येईल, तिथे सबवूफर ठेवावा.

जुना घेताना मात्र दोन गोष्टी तपासाव्यात. पडद्याभोवतीची फोमची कडा कालांतराने, विशेषतः दमट हवेत, कुजते. बोटाने हलकेच दाबताच तिचा भुगा झाला, तर ती बदलण्याचा खर्च किमतीत धरावा. रबरी कडा अधिक टिकते. दुसरे, गाणे न लावता सबवूफर सुरू करावा; मोठी गुणगुण ऐकू आली, तर कपॅसिटर निकामी होत असण्याची शक्यता असते. सबवूफरमध्ये स्वतःचा अॅम्प्लिफायर नसेल, तर तो वेगळा घ्यावा लागतो, हेही विसरू नये.

थोडक्यात, खोली ऐसपैस असेल, जवळ भरवशाचा दुरुस्ती कारागीर असेल आणि फोम व अॅम्प्लिफायर शाबूत असतील, तर जुना घेण्यात शहाणपण आहे. जागा अपुरी असेल किंवा दुरुस्तीची दगदग नको असेल, तर वॉरंटीसह नवा घ्यावा. अर्थात, खर्ज भिंती ओलांडून जातो. सबवूफर जुना असो वा नवा, रात्री आवाजाची कळ मागे फिरवण्याला पर्याय नाही. शेजारधर्म कोणत्याही यंत्रात बसवून मिळत नाही.