चाळीच्या गॅलरीतला अननस

ठाकूरद्वारच्या चाळीत अननसाला थंडीची भीती नसते. मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या या झाडाला २२ ते ३२ अंशांची हवा मानवते, आणि इथे जानेवारीच्या रात्रीही पारा सहसा १५ अंशांखाली जात नाही. नडतात त्या दोन गोष्टी: चार महिन्यांत कोसळणारा पाऊस आणि समोरच्या इमारतीने अडवलेले ऊन.

म्हणून आधी जागा पाहावी, कुंडी नंतर. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मुंबईत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, एरवी दक्षिणेला. डिसेंबरात तो इतका कलतो की दक्षिणेकडच्या गॅलरीत ऊन थेट खोलीच्या दारापर्यंत येते. अननसाच्या फुलोऱ्याची तयारी दिवस लहान आणि रात्री गार असतानाच होते, त्यामुळे हीच गॅलरी त्याची. उत्तरेकडे झाड जगते, पण नुसती पानेच वाढवत राहते. गच्ची मिळाली तर उत्तमच.

भुलेश्वरच्या बाजारातून आणलेल्या फळाचा शेंडा पिळून काढावा. त्याला चिकटलेला गर काढून टाकावा, कारण कूज तिथूनच सुरू होते. खालची काही पाने सोलली की बुडाशी मुळांचे तपकिरी ठिपके दिसतात. शेंडा आठवडाभर सावलीत सुकवून मग लावावा. पावसाळी हवेत ही जखम नीट सुकत नाही, म्हणून हे काम दसऱ्यानंतरचे. शेंड्याला फळ धरायला दोन वर्षे लागू शकतात. कोकणात नारळी-पोफळीच्या बागांतून अननस लावलेला असतो. तिथून बुंध्याचा फुटवा आणता आला तर बरेच महिने वाचतात.

मुळे उथळ असल्याने बारा इंची कुंडी पुरते. लाल माती, जाड वाळू, थोडे कोकोपीट आणि जुने शेणखत असे मिश्रण घ्यावे. माती किंचित आम्लधर्मी हवी आणि पाणी घातल्याबरोबर खालून निघून गेले पाहिजे. जून ते सप्टेंबर कुंडी पागोळीखाली कधीही ठेवू नये. पाणी तुंबले की कोंब कुजतो आणि मधली पाने हलक्या ओढीने हातात येतात. असे झाड सहसा वाचत नाही.

उन्हाळा मात्र तो सहज काढतो. बहुतेक झाडे दिवसा पर्णरंध्रे उघडतात. अननस ती मुख्यतः रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा मिटून घेतो. त्यामुळे पाण्याची वाफ फार कमी होते. चार दिवस कुलूप लावून गावी गेल्याने त्याचे काही बिघडत नाही.

पानांच्या बेचक्यांत साठणारे पाणी तो शोषून घेतो, पण त्याच पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालू शकतात. दर आठवड्याला ते ताज्या पाण्याने धुऊन काढावे आणि कुंडीखालची ताटली उपडी करावी. शेजाऱ्यांच्या आरोग्याशी जोडलेले हे काम टाळण्यासारखे नाही. पिठ्या ढेकूण दिसले तर साबणाच्या पाण्याने पुसावेत, आणि त्यांना जपणाऱ्या मुंग्यांचाही बंदोबस्त करावा.

पस्तीस-चाळीस पाने होऊनही फुलोरा येत नसेल, तर पिकलेल्या सफरचंदाचे तुकडे झाडाजवळ ठेवून वरून काही दिवस प्लास्टिकची पिशवी बांधतात. फळातून सुटणारा इथिलीन वायू फुलोरा चेतवतो. अझोर्स बेटांवर हेच काम काचगृहांत धूर कोंडून करतात. धुरातही इथिलीन असतो.

मग पानांच्या मध्यभागी लालसर कळा दिसतो. त्यावरची शंभर-दोनशे जांभळी फुले खालून वर उमलत जातात आणि त्यांची छोटी फळे एकमेकांत मिसळून एक अननस तयार होतो. परागीभवनाची गरज नसते, त्यामुळे गॅलरीत मधमाशी आली नाही तरी चालते. फळ पिकायला पाच-सहा महिने लागतात. वास सुटू लागला की उंदीर येतात, म्हणून त्याआधीच बारीक तारेची जाळी बसवावी.

कुंडीतले फळ बाजारातल्यापेक्षा लहान राहते. तरी एवढा खटाटोप करण्याला सबळ कारण आहे. अननसात नंतर साखर होईल असा पिष्ट पदार्थांचा साठा नसतो. तोडल्यावर रंग बदलतो, गोडी वाढत नाही. दूरच्या बाजारासाठी फळ लवकर उतरवावे लागते. घरचे फळ बुडापासून निम्म्याहून अधिक पिवळे होऊन घमघमेपर्यंत झाडावर ठेवता येते.

एका झाडाला एकदाच फळ येते, नंतर ते हळूहळू वाळते. तोवर बुंध्याशी फुटवे आलेले असतात. त्यांतला जोमदार एक ठेवून खोडवा घेता येतो, बाकीचे वीतभर झाले की वेगळ्या कुंड्यांत लावावेत. खोडव्याचे फळ आणखी लहान होते, म्हणून त्यानंतर माती बदलून नव्या फुटव्यापासून सुरुवात करावी.