विश्लेषण : पोहणे, सायकल, धावणे... ११३ किमीच्या पहिल्या ‘आयर्नमॅन ७०.३’ची तयारी नोकरी सांभाळून कशी करतात?

गोव्यातील मिरामार किनाऱ्यावर २०१९ मध्ये ‘आयर्नमॅन ७०.३’ ही शर्यत सुरू झाली आणि हौशी खेळाडूंचा परदेशवारीचा खर्च वाचला. करोनाकाळातील खंड वगळता ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास ती होते. पुणे, मुंबई, कोल्हापूरहून डॉक्टर, अभियंते, पोलीस, व्यावसायिक तिच्यात उतरतात. यातील बहुतेकांनी शाळेनंतर मैदान सोडलेले असते. अशा माणसाला ही शर्यत पूर्ण करता येते का, त्यासाठी किती वेळ द्यावा लागतो आणि धोका नेमका कुठे असतो?

अंतर किती, वेळ किती?

१.९ किमी पोहणे, ९० किमी सायकल आणि २१.१ किमी धावणे, असे एकूण ११३ किमी. मैलांत मोजल्यास हे अंतर ७०.३ भरते, म्हणून हे नाव. पूर्ण आयर्नमॅन याच्या दुप्पट, म्हणजे २२६ किमीची असते. तिची सुरुवात १९७८ मध्ये हवाईत झाली. त्या वेळी १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. अभिनेता मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये झुरिकमध्ये ही पूर्ण शर्यत पार केली.

७०.३ साठी साधारण साडेआठ तास मिळतात. त्यात पोहण्यासाठी ७० मिनिटे असतात. म्हणजे दर १०० मीटरला सुमारे ३ मिनिटे ४१ सेकंद. सायकलसाठीही वेगळी मर्यादा असते. ती चुकली तर खेळाडूला तिथेच थांबवतात.

आता हिशोब करू. पोहायला ६० मिनिटे, सायकल ताशी २२ किमी वेगाने ४ तास ५ मिनिटे, धावताना दर किमीला साडेआठ मिनिटे म्हणजे २ तास ५९ मिनिटे आणि कपडे-बूट बदलायला १४ मिनिटे. बेरीज ८ तास १८ मिनिटे. हाताशी उरतात १२ मिनिटे. एक पंक्चर झाले की ती संपली! सायकलचा वेग ताशी २५ किमीवर नेला तर तब्बल २९ मिनिटे वाचतात. खासदार तेजस्वी सूर्या यांनी २०२४ मध्ये गोव्यात ही शर्यत ८ तास २७ मिनिटांत पूर्ण केली होती. मर्यादेला अवघी काही मिनिटे बाकी होती.

सर्वात छोटा टप्पा सर्वात धोक्याचा का?

पोहण्याचा टप्पा एकूण अंतराच्या दोन टक्केही नाही. पण जिवाचा प्रश्न इथेच येतो. अमेरिकेतील ट्रायथलॉन शर्यतींमध्ये १९८५ ते २०१६ या काळात झालेले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटना संशोधकांनी तपासल्या. एकूण १३५ घटनांपैकी ९० पोहताना घडल्या होत्या. शवविच्छेदनाचा तपशील मिळालेल्या ६१ जणांपैकी २७ जणांत हृदय वा रक्तवाहिन्यांचा दोष आढळला. एकूण सहभागाच्या तुलनेत हे प्रमाण फार कमी असले तरी चाळिशीनंतरच्या पुरुषांत ते वाढते.

तलावात २५ मीटरवर भिंत हाती लागते, तळ दिसतो. समुद्रात यातले काहीच नसते. आजूबाजूला शेकडो हातपाय चालतात, नाकातोंडात खारे पाणी जाते आणि श्वास सुटतो. गोव्याचे पाणी उबदार असल्याने तरंगायला मदत करणाऱ्या वेटसूटचा आधारही धरता येत नाही. त्यामुळे वेगाआधी तीन गोष्टी शिकाव्या लागतात : दम लागला की पाठीवर होऊन तरंगणे, दर सात-आठ हातांनंतर डोके उचलून दिशा पाहणे आणि गर्दीत धक्का बसला तरी श्वासाची लय न सोडणे. विहिरीत किंवा नदीत पोहायला शिकलेल्यांना इथे फायदा मिळतो, कारण खोल पाण्याची भीती मोडलेली असते.

आठवड्याला किती तास लागतात?

ज्याला पोहता येते आणि जो सलग पाच किमी धावू शकतो, त्याने २० ते २४ आठवडे धरावेत. पोहता येत नसेल तर आधी ते शिकावे, नोंदणी पुढच्या वर्षी करावी.

आठवड्याला आठ ते दहा तास पुरतात. दोन दिवस पोहणे, दोन दिवस पाऊण तास धावणे, एक दिवस तासभर सायकल. शनिवारी तीन-चार तास सायकल आणि उतरल्याबरोबर १५-२० मिनिटे धावणे. सायकलवरून उतरल्यावर पाय लाकडासारखे वाटतात, त्याची ही सवय. रविवारी दीड-दोन तास धावणे आणि सोमवारी विश्रांती.

यातला बहुतांश सराव बोलता बोलता करता येईल इतक्या सावकाश वेगाने करायचा असतो. नवखे इथेच घाई करतात आणि गुडघा किंवा नडगी धरून बसतात. दर चौथ्या आठवड्यात सराव कमी करावा. शेवटच्या दोन आठवड्यांत तो आणखी घटवावा.

पावसाळा आडवा येतो तेव्हा...

ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या शर्यतीचा सराव मे-जूनपासून सुरू होतो. म्हणजे महत्त्वाचे चार महिने पावसात जातात. घाट निसरडे, खड्डे पाण्याने भरलेले, समुद्र आणि नद्या पोहण्यासाठी बंद. म्हणून या काळात सायकल घरात ट्रेनरवर लावून चालवणे आणि पोहण्याचे तंत्र तलावात पक्के करणे हाच मार्ग उरतो. उघड्या पाण्यातला सराव पाऊस ओसरल्यावर, जीवरक्षक किंवा सोबत नाव असेल तरच करावा. पहाटे महामार्गावर सायकल काढणाऱ्यांनी हेल्मेट, पुढे-मागे दिवे आणि सोबती याशिवाय निघू नये.

पाऊस संपतो न संपतो तोच ऑक्टोबरचा उकाडा सुरू होतो. शरीराला उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. त्यामुळे शेवटच्या महिन्यातले काही सराव मुद्दाम उशिरा, ऊन चढल्यावर करावेत.

शर्यतीत खायचे काय?

स्नायू आणि यकृतात साठलेली साखर साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असते. सात-आठ तासांना ती पुरत नाही. त्यामुळे सायकलवर तासाला सुमारे ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावी लागतात. म्हणजे मध्यम आकाराची दोन केळी आणि थोडा खजूर. महागडी जेल घेतलीच पाहिजेत असे नाही. मीठ लावलेला उकडलेला बटाटा, चिक्की, मीठ-साखरेचे लिंबू सरबतही चालते. अट एकच : जे सरावात पचले, तेच शर्यतीत घ्यायचे.

पाण्याचाही अंदाज घरी काढता येतो. सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटले तर साधारण एक लिटर घाम गेला, त्यात मध्ये प्यायलेले पाणी मिळवा. मात्र भीतीपोटी नुसते पाणी ढोसणेही घातक. त्यामुळे रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

पैसे भरण्याआधी काय तपासावे?

साधी रोड बाइक या शर्यतीला चालते, उसनी मिळाली तरी हरकत नाही. पंक्चर स्वतः काढता आले पाहिजे. मात्र वैद्यकीय तपासणी टाळू नये. चाळिशी उलटलेल्यांनी, तसेच घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल त्यांनी डॉक्टरांना शर्यतीचे नाव आणि अंतर सांगून ईसीजी व गरजेनुसार स्ट्रेस टेस्ट करून घ्यावी. सरावात छातीत दुखणे, चक्कर, नेहमीपेक्षा जास्त धाप यातले काहीही जाणवले तर त्या दिवशी तिथेच थांबावे. शर्यतीच्या पाण्यातही हेच लागू. हात वर केला की मदतीची नाव येते, आणि शर्यत पुढच्या वर्षीही असते.