सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही

गोंदिया जिल्ह्यात ‘एमएच ३५’ पाटीच्या ज्या मोटारींची पहिली १५ वर्षांची नोंदणी संपून पुढच्या ५ वर्षांसाठी नूतनीकरण झाले आहे, त्यांचे एक दुखणे अनुभवी मेकॅनिकलाही चकवते. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. मग पेट्रोलचा पंप बदलतात, प्लग बदलतात, तरी गाडी जागची हलत नाही. देवरी किंवा अर्जुनी-मोरगावहून ती ओढत नागपूरला न्यायची म्हणजे खिशाला मोठीच कात्री. पुष्कळदा दोष इंजिनात नसतोच. गाडीला किल्ली ओळखता आलेली नसते.

या गाड्यांच्या किल्लीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत धानाच्या दाण्याहून थोडी मोठी नळी किंवा वडी असते. तीत एक चिप आणि तारेचे बारीक कुंडल असते, सेल नसतो. दुसरे कुंडल किल्लीच्या कुलपाभोवती बसवलेले असते. किल्ली फिरवली की त्यातून साधारण १२५ किलोहर्ट्झ वारंवारितेची प्रत्यावर्ती धारा वाहते आणि किल्लीतल्या कुंडलात विभवांतर निर्माण होते. फॅरडेने १८३१ साली शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. एवढ्या ऊर्जेवर चिप जागी होते आणि आपल्या कुंडलावरचा भार कमीजास्त करून सांकेतिक उत्तर देते. उत्तर जुळले तरच गाडीचा संगणक इंधन आणि ठिणगी सोडतो.

पुढच्या पिढीच्या चिपमध्ये संगणक दर वेळी नवा प्रश्न विचारतो आणि चिप गुप्त अंकाच्या आधारे त्याचे उत्तर काढते. अशा एका प्रकारात तो अंक ४० बिटांचा होता, म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी शक्यता. तरीही २००५ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए प्रयोगशाळेच्या संशोधकांनी ती पद्धत फोडून दाखवली.

प्रवर्तनाचा हा भाग वर्गात दाखवता येतो. तारेचे शंभरेक वेढ्यांचे कुंडल १० ओहमच्या रोधाबरोबर एकसरीत जोडून ते छोट्या रेडिओच्या स्पीकरच्या जागी लावा. तसेच दुसरे कुंडल शाळेच्या ध्वनिवर्धकाच्या माइकच्या तोंडी जोडा. दोन्ही कुंडले जवळ समोरासमोर धरली की गाणे ऐकू येते. दूर नेली किंवा एक काटकोनात वळवले की आवाज मंदावतो. किल्ली कुलपाच्या अगदी जवळ का लागते, हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

आता दोष शोधू. किल्ली ‘ऑन’वर आणल्यावर फलकावरचा किल्लीच्या किंवा कुलपाच्या चित्राचा दिवा क्षणभर लागून विझला, तर बहुतेक गाड्यांत ओळख पटली असे समजावे आणि दोष इंधनात किंवा ठिणगीत शोधावा. दिवा लुकलुकत राहिला तर ओळख पटलेली नाही. त्याच कडीत दुसऱ्या चिपवाल्या गाडीची किल्ली असेल तर ती आधी वेगळी करा. दोन्ही चिपा एकाच वेळी बोलू लागल्या की संगणकाला काहीच कळत नाही. मग घरातली दुसरी किल्ली लावून पाहा. तिने गाडी सुरू झाली तर पहिलीची चिप गेली, किंवा मूठ फुटल्यावर नवे कवच घालताना ती जुन्या कवचातच राहिली. दारे उघडणाऱ्या रिमोटचा सेल बदलून इथे काहीच साधत नाही, कारण दोन्ही यंत्रणा वेगळ्या आहेत.

बॅटरीही असाच घोटाळा करते. सेल्फ मारताना विभवांतर फार घसरले की संगणकाला किल्ली वाचता येत नाही. उभ्या गाडीतही पहारा चालूच असतो. तो आणि इतर यंत्रणा मिळून ३० मिलिअँपिअर घेत असतील, तर ४५ अँपिअर-तासांची बॅटरी १५०० तासांत, म्हणजे सुमारे ६२ दिवसांत रिकामी होईल. हे झाले कागदावर. जुनी बॅटरी आणि मे महिन्यातला गोंदियाचा ४५ अंशांकडे जाणारा पारा एकत्र आले की उन्हाळी सुटी संपायच्या आत गाडी बसते.

बाहेरून बसवलेल्या सायरनवाल्या अलार्मची तऱ्हा वेगळी. त्याच्या तारा पुष्कळदा नुसत्या पीळ देऊन टेपने गुंडाळलेल्या असतात. उन्हाने टेपचा डिंक सुटतो, पावसाळ्यात सांधे गंजतात, आणि धानाच्या कोठाराशेजारी गाडी उभी असेल तर उंदीर उरलेले काम करतात. बोनेटखालचा छोटा स्विच गंजला की मध्यरात्री भोंगा वाजतो. त्यासाठी नवा अलार्म घ्यायची गरज नसते. स्विच घासून स्वच्छ करा किंवा तेवढाच बदला.

काही ठिकाणी यंत्रणाच ‘बायपास’ करून देतात. मला हा उपाय पटत नाही. त्यानंतर साधी कापून घेतलेली कोणतीही किल्ली ती गाडी पळवू शकते. त्यापेक्षा एक किल्ली चालू असतानाच दुसरी चिपसह करून संगणकात नोंदवून घ्यावी. काही गाड्यांत नवी किल्ली नोंदवायला आधीची नोंदलेली किल्लीच लागते. सगळ्याच हरवल्या तर कधी कधी संगणक बदलण्यापर्यंत पाळी येते.